तीन नंबरचा पॉइंट

मॅडमनी साहेबांच्या टेबलावर तो नकाशा उलगडला, तेव्हा मला पहिली भीती वाटली ती हा परत घडी घालायला मलाच सांगतील याची. निदान बारा घड्या होत्या त्याला.

मॅडम म्हणजे आमच्या साहेबांची बायको. साहेब इंग्रज, बहारीनमधल्या एका बांधकाम कंपनीचे मॅनेजर, आणि मी त्यांच्या केबिनबाहेर बसणारा टायपिस्ट. ऐंशी साल उजाडून वर्ष-दोन वर्षं झाली होती. दोघं नुकतीच अमेरिकेत सुट्टी काढून आली होती, आणि तिथल्या लाल खडकांच्या कुठल्याशा नॅशनल पार्कचा तो नकाशा होता. गाडी कुठे थांबवायची, किती मिनिटं थांबायचं, सकाळी कुठला कडा तांबडा दिसतो आणि संध्याकाळी कुठला, सगळं नंबर घालून छापलेलं. लोक म्हणे तो हातात धरून एका नंबरवरून दुसऱ्या नंबरवर जातात आणि सांगितलेल्या बाजूला तोंड करून उभे राहतात.

"इथेही असं काहीतरी असेलच," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सिमेंटची पोती होती आणि त्यापलीकडे जमीन इतकी सपाट की तिच्यावर इस्त्री फिरवल्यासारखी. "याला सांग," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा डोंगरातला आहे."

चूक माझीच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात छाप पाडायला मी सांगून बसलो होतो की माझं गाव पाचगणीच्या पायथ्याशी आहे, आमच्याकडे कड्याकड्याला पॉइंट असतात आणि मी ते झोपेतसुद्धा दाखवू शकतो. प्रत्यक्षात मी पाचगणीला दोनदा गेलो होतो, त्यातल्या एकदा दाढ काढायला. दोन्ही वेळा कड्यापासून वीस पावलं लांब उभा राहिलो. मला उंचीची भीती वाटते. तशी ती मला पाण्याची, गुरांची, घरून येणाऱ्या तारेची आणि साहेब लोकांचीही वाटते, पण उंचीची जुनी आहे.

तरी मी "येस सर" म्हणालो, कारण माझ्या खणात एक फॉर्म होता.

तो फॅमिली व्हिसाचा फॉर्म होता. त्यावर साहेबांची एक सही पडली की बायको बहारीनला येऊ शकत होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस बेचाळीस. फॉर्म सात महिन्यांत दोनदा साहेबांसमोर गेला आणि दोनदा "नंतर बघू" होऊन परत आला. क्लार्कने बायको आणली की तो क्वार्टर मागतो, पाचला घरी पळतो, असं साहेबांचं मत होतं. मी वाटही पाहिली असती. पण बायकोच्या शेवटच्या पत्रात व्हिसाचा उल्लेखच नव्हता. आधीच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ "कधी?" अशी असायची. या पत्रात दोन पानं म्हशीबद्दल होती आणि खाली नुसती सही. ते पत्र मी चारदा वाचलं आणि चारही वेळा पाकीट उलटं करून पाहिलं. जी बाई "कधी" विचारायचं सोडते, ती नंतर काय काय सोडेल, याचा विचार मी करू शकत नव्हतो.

तेव्हा मी पॉइंट आखायला घेतले, आणि ते बहारीनच्या नजाऱ्यांप्रमाणे न आखता साहेबांच्या मूडप्रमाणे आखले. एक नंबर: मधल्या खोलगट भागाभोवती जी दगडी कडा आहे, तिथे चहा. दोन नंबर: जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर, साडेचारशे फुटांच्या आतबाहेरचा, पण बेटावर त्याच्याहून उंच काही नाही, त्यामुळे त्याला मान. तीन नंबर: वाळवंटातली एक उंचवट्याची जागा, जिथून पिवळे खडक उन्हं कलताना गेरूसारखे तांबडे दिसतात. चार नंबर: सूर्यास्त. पाच नंबर: अस्करचा समुद्र, आणि घरी. हे मी कार्बन घालून टाइप केलं. जे टाइप केलं नाही ते चार नंबरपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठीत लिहिलं: सही. सूर्य बुडताना माणूस मऊ होतो, असा माझा हिशेब होता.

सहलीच्या आदल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी जागा पक्क्या करायला निघालो. बरोबर दादा होता. दादा माझा मनामा शहरातल्या खोलीतला जोडीदार, मालवणकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रंगारी आणि गरज पडेल तेव्हा ड्रायव्हर. वर्कशॉपची पिकअप त्याच्याकडे होती.

तीन नंबरपाशी पोचेपर्यंत आम्ही रस्ता दोनदा चुकलो. तिथे रस्ता म्हणजे जीपच्या चाकांच्या खुणा, आणि त्या सगळ्या एकसारख्या. एक खूण तेलाच्या पाइपपाशी नेते, दुसरी तुम्हाला मघाशी निघालात तिथेच आणून सोडते. ऊन चढलं, पाणी एका बाटलीवर आलं. मी मनातल्या मनात माझी सुकलेली हाडं, शेजारी टाइप केलेला कागद आणि खणातला कोरा फॉर्म, असं सगळं चित्र रंगवून टाकलं.

"रडतस कित्याक मेल्या," दादा म्हणाला. "खूण करून ठेवूया. पुढच्या येळाक चुकूक नको."

उंचवट्यावर गुडघ्याएवढा एक उभट दगड होता. दादाने मागून रेड ऑक्साइडचा डबा काढला. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधी जो तांबडा हात मारतात, तो रंग. ब्रश विसरला होता, म्हणून त्याने चिंधीने, मग सरळ तळहाताने, दगडाला वरपासून खालपर्यंत तो रंग चोपडला. मी पांढऱ्या रंगात बोट बुडवून वर ठळक 3 काढला आणि गाडीकडे वळलो.

दादा आला नाही. तो दगडासमोर उभा होता. मग त्याने चपला काढल्या.

मी वळून पाहिलं आणि मलाही ते दिसलं. आता तो दगड राहिला नव्हता. आमच्याकडचा कुठलाही माणूस, त्याला वाळवंटात नेऊन सोडा की बर्फात, तळहाताने तांबडा चोपडलेला उभा दगड बघेल तर एकच गोष्ट बघेल.

"आता हेका असो सोडून जावचा कसा?" दादा हळूच म्हणाला.

"दादा, तो नंबर तीन आहे."

"असांदे. चपला काढ."

मी काढल्या. तापलेल्या वाळूवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभा राहिलो. दादाने जेवणाच्या पिशवीतून केळं काढून दगडापुढे ठेवलं आणि हात जोडून त्याच्या गावच्या रीतीने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, तू खयचो कोण आमका ठावक नाय. पण आज ह्या परमुलखात आमच्या हातान तू हुबो रवलस. ह्या तुझा लेकरू हय हात जोडून आसा. तेच्या बायलेचो व्हिसा सायबान अडवून ठेवलेलो हा. तो सोडव, सायबाच्या हातान सही घडव, आणि ह्या काम होयसर हयसून हलू नको रे म्हाराजा."

आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. अशा वेळी दुसऱ्याने "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी म्हणालो. तळपाय भाजत असताना माणूस काहीही म्हणतो.

पुढचा शुक्रवार. साहेबांची मोठी स्टेशन वॅगन, दादा चालवायला, साहेब पुढे, मॅडम मागे, आणि त्यांच्या शेजारी थर्मास मांडीवर घेऊन मी. पॅडवर वर मी टाइप केलेला नकाशा, खाली फॉर्म.

एक नंबरला मॅडम थेट कड्याच्या टोकावर जाऊन उभ्या राहिल्या. खाली सगळा खोलगट भाग, विहिरींचे पंप माना हलवताहेत. मॅडम म्हणाल्या, सुंदर. मला खाली पाहायची हिंमत नव्हती, मी त्यांच्या बुटांच्या टाचांकडे पाहत होतो. या बाई पडल्या तर सही गेली, एवढं एकच वाक्य डोक्यात. दोन नंबरला साहेबांनी डोंगर शोधला, मग माझ्याकडे पाहिलं. मी बोट दाखवलं. "हा?" ते म्हणाले. पण हसले. मूड ठीक होता. मला वाटायला लागलं की मी उगाच घाबरतो.

तीन नंबरचा उंचवटा लांबून दिसला तेव्हा दादाने गाडीचा वेग कमी केला. "मेल्या," तो पुटपुटला, "हय कोण येवन गेलो?"

आम्हाला ठाऊक नव्हतं की मैलभरावर पाइपलाइनवरच्या आपल्याकडच्याच कामगारांचा कॅम्प होता. आठवडाभर संध्याकाळी ती माणसं पाय मोकळे करायला तिकडे येत असणार, आणि त्यांनी जे पाहायचं तेच पाहिलं. दगडावर प्लायवूडचं छोटं छप्पर होतं. प्लास्टिकच्या झेंडूची माळ होती. नारळाची अर्धी वाटी, थोडे खजूर, एका पत्र्याच्या डब्यात अगरबत्त्यांच्या काड्या, भोवती दगडांचं कुंपण. माझ्या 3 ला कोणीतरी मागे शेपूट आणि वर चंद्रबिंदू जोडून त्याचा ॐ केला होता. तीन बाजूंना पिवळे खडक तांबडे होत होते. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मॅडम खाली उतरून म्हणाल्या, "हे किती जुनं आहे?"

"फार जुनं नाही, मॅडम," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर टाइप केलेलं होतं: व्ह्यूपॉइंट 3, लाल खुणेचा दगड. त्यांनी दगडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागद माझ्या पॅडवर परत ठेवला. परक्या देशात, उघड्यावर, न विचारता देव मांडलेला, आणि त्याचा पत्ता ऑफिसच्या टाइपरायटरवर, माझ्या हाताने. पासपोर्टवर "कॅन्सल"चा शिक्का पडतानाचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

तेवढ्यात धूळ उडाली आणि एक लँड रोव्हर येऊन उभी राहिली.

तेलाच्या भागावर गस्त घालणारा म्हातारा पहारेकरी होता तो. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला रुमाल. त्या पिढीचे पुष्कळ बहारीनी हिंदी बोलायचे. तो उतरला, सगळ्यांना सलाम केला, दगडाभोवती फिरला.

"कौन बनाया ये?"

मी पॅड छातीशी धरून एक पाऊल मागे सरकलो.

"डरो मत सदीक, अपन दोस्त है," तो मला म्हणाला. "मेरे को मालूम ये क्या है. मेरा बाप मोती लेके बंबई जाता था, मैं भी साथ में. उधर हर झाड के नीचे देखा." मग त्याने अगरबत्तीच्या काड्यांचा डबा पायाने हलवला आणि त्याचा चेहरा बदलला. हात लांब करून त्याने पन्नास पावलांवरचा पाइपचा व्हॉल्व्ह दाखवला. "मगर इधर माचिस मफी. बिलकुल नहीं. गॅस है. कल कोई धूप जलाएगा, सब खलास. सूरज डूबने से पहले ये इधर से जाना चाहिए. नहीं तो मेरे को रिपोर्ट में नाम लिखना पडेगा."

देवाबद्दल तक्रारच नव्हती. काडेपेटीबद्दल होती. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ वाळूत बसलो. साहेबांना मी भराभर इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. ड्रायव्हरला सांग, दगड उचल, गाडीत टाक."

मी दादाला सांगितलं.

दादा हाताची घडी घालून म्हणाला, "नाय."

"दादा, पाया पडतो."

"माझ्या कित्याक पडतस? काम होयसर हलू नको म्हणान मीच सांगितलंय तेका. आता मीच हलवू? तू 'होय म्हाराजा' म्हटलंस. इसारलंस?" आणि मग, माझ्यावर भरवसा नसल्यासारखा, थेट साहेबांकडे वळून हिंदीत: "सायब, काम बाकी है. काम होगा तबी ये उठेगा."

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो की दगड फार जड आहे, सर."

"नो सर," मागून आवाज आला. पहारेकरी. त्याला इंग्रजी येतं हे त्याने तोवर लपवून ठेवलं होतं, आणि त्याला ते उघड करायला फार मजा आली हे त्याच्या दाढीवरून कळत होतं. "हा म्हणतो, काम बाकी आहे. देवाकडे काही मागितलंय, ते मिळालं की देव जाईल."

तीन वर्षांनी माझी बायको येणार की मी पुढच्या आठवड्यात तिच्याकडे परत जाणार, हे त्या क्षणी ठरत होतं, आणि मला ते कसलं काम आहे हे माझ्याच तोंडाने, इंग्रजीत, व्याकरण सांभाळून सांगायचं होतं. मी सांगितलं. सही, फॉर्म, बायको, सगळं एका दमात. सांगताना नजर साहेबांच्या बुटांवर होती.

साहेबांनी हात पुढे केला.

"फॉर्म कुठे आहे?" साहेब म्हणाले.

मी पॅडवरचा नकाशा वर केला. फॉर्म खालीच होता.

"बरोबर आणलास तू हा." हा प्रश्न नव्हता. त्यांनी नकाशा पुन्हा हातात घेतला, चार नंबरपुढच्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"सूर्यास्त, सर."

मी पहारेकऱ्याकडे पाहिलं. देवाच्या कृपेने त्याला देवनागरी येत नव्हती.

मॅडम माळेतलं एक प्लास्टिकचं फूल सरळ करत होत्या. त्यांनी मागे न वळता मला विचारलं, "बायकोला शेवटचं कधी पाहिलंस?"

मी सांगितलं. मॅडमनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं. नवऱ्याकडे असं पाहणं मी नंतर माझ्या घरातही अनुभवलं आहे, त्यामुळे साहेबांना काय वाटलं असेल ते मी आता सांगू शकतो.

पहारेकऱ्याने खिशातून बॉलपेन काढून पुढे धरलं. "यल्ला मुदीर, चलो साहब. सूरज जा रहा है."

लँड रोव्हरच्या बॉनेटवर ठेवून साहेबांनी सही केली. इतक्या जोरात की कागद एका जागी फाटला.

दादाने लगेच नमस्कार केला, दोन शब्द पुटपुटला, आणि दगडाला मिठी मारून तो असा उचलला की जड असल्याचं माझं खोटं दुसऱ्यांदा उघडं पडलं. पण टाकून द्यायला त्याने ठाम नकार दिला. देव आहे, पाण्यात सोडायचा. म्हणून मॅडमच्या चटईत गुंडाळलेला देव, खजूर आणि नारळासकट, स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात बसून अस्करला निघाला. मागून लँड रोव्हर. चार नंबर राहूनच गेला.

अस्करचा समुद्र उथळ. ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या चिमण्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला सूर्य. दादा आणि मी पँटी वर करून दगड घेऊन आत चालत राहिलो, पाणी काही गुडघ्यावर येईना. मला पाण्याची भीती वाटते हे मी सांगितलंच आहे. त्या दिवशी मी देवाकडे आणखी थोडं पाणी मागितलं. शेवटी मांडीएवढ्या पाण्यात दादा म्हणाला, "फुरो, बस झाला," आणि आम्ही तो सोडला. किनाऱ्यावर मॅडम टॉवेल घेऊन उभ्या होत्या. साहेब गाडीतून उतरले नव्हते.

शनिवारी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. मी रात्रभर याचीच वाट पाहिली होती. सही दबावाखाली झाली, ती रद्द, आणि त्याच कागदाबरोबर मीही.

साहेब जरा वेळ पेपरवेटशी खेळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ते नीट गेलं ना? म्हणजे, माझ्यावर राग वगैरे धरून नाही ना गेलं?"

"नाही सर. समाधानाने गेलं."

"बरं," ते म्हणाले. "त्या नकाशातला तीन नंबर खोडून टाक."

चार महिन्यांनी बायको आली. विमानतळावर तिने मला ओळखलं, ही एक भीती कमी झाली. पत्रात "कधी" का लिहिलं नव्हतंस, असं मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, "सारखं विचारलं की तुम्ही घाबरता, असं वाटलं." म्हशीचं तिने खरंच मन लावून लिहिलं होतं.

पहिल्या शुक्रवारी तिला पॉइंट बघायचे होते. दादाने पिकअप आणली. अस्करला पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पाणी दूर, फार दूर गेलेलं. ओल्या वाळूच्या मधोमध तो उभा होता. कमरेपर्यंत शेवाळ, वर रंग जसाच्या तसा तांबडा. रेड ऑक्साइड गंजाला पुरून उरतं, समुद्राला कसलं घाबरतंय. कुठल्याशा कोळ्याने आपल्या होडीचा दोर त्याच्या गळ्याला बांधला होता.

दादा म्हणाला, "कामाक लागलो बघ."

बायकोने चपला काढल्या आणि ती ओल्या वाळूतून चालत त्याच्यापाशी गेली. मी मागून धावलो. "काहीही मागू नकोस," मी म्हणालो, "तू मागितलंस की तो इथून हलणार नाही. गस्तवाला आला तर मी काय सांगू?"

पण तिने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. आणि मागे दादा, वळून न बघता, रस्त्याकडे लक्ष ठेवून उभा असलेला, मोठ्याने म्हणाला, "होय म्हाराजा."

तिने काय मागितलं ते मला अजून सांगितलेलं नाही. मी ते विचारलंही नाही. भीती वाटते.